नोकरी एकाची, बिऱ्हाड साऱ्यांचे

घरात कुणाला नोकरी लागली म्हणजे पेढे वाटतात. देवापुढे नारळ फुटतो. शेजारीपाजारी येतात आणि विचारतात, "पगार किती?" मग विचारतात, "कारखाना कुठं आहे?" पण "राहणार कुठं?" हे सहसा कुणी विचारीत नाही. जिथे नोकरी तिथे राहायचे, त्यात विचार कसला करायचा, असे सर्वांना वाटते.

आम्हांला वाटते, विचार करण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. नोकरी करणारा माणूस आठ-दहा तास कामावर असतो. दोन तास जाण्यायेण्यात जातात. उरलेल्या वेळात तो जेवतो आणि झोपतो. त्या नव्या गावात चोवीस तास राहतात ती घरातली बाकीची माणसे. बायको, मुले, म्हातारे आईवडील. पाणी त्यांनी भरायचे, शाळेत त्यांनी जायचे, आजारपण त्यांनी काढायचे. तेव्हा बिऱ्हाडासाठी गाव निवडताना नोकरीवाल्याची सोय एकदा पाहावी आणि घरच्यांची सोय दोनदा पाहावी.

नुसते असे सांगून कळायचे नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला. त्याला पुणे जिल्ह्यात चाकणला एका कारखान्यात काम मिळाले. घरी बायको, सातवीतली मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि म्हातारी आई. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, खोली बघितलीय. कारखान्यापासून चालत दहा मिनिटं. पुढच्या रविवारी टेम्पो सांगतो." आम्ही म्हटले, "बाबा, खोली तू बघितलीस. पण तुझ्या बायकोनं बघितली का?" तो हसला. तिने काय बघायचे, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

चाकण हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे गाव. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटर. गाव जुने आहे. तिथे संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट किल्ला आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या मोठ्या फौजेपुढे तो सुमारे दोन महिने लढवला. पुढे चाकण कांदाबटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाले. आज तिथे मोटारींचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहार, सगळीकडची माणसे कामाला येतात. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या भोवतालच्या गावांत खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. एकट्या पुरुषाला त्यांत काही अडचण नसते. चार जण मिळून खोली घेतात, खाणावळीत जेवतात, दिवस काढतात. बिऱ्हाड घेऊन राहायचे म्हटले की गोष्ट निराळी होते.

आम्ही त्याला कागद दिला आणि चाकणला ज्या गावांहून रोज जाता येईल अशा गावांची नावे लिहायला सांगितली. त्याने चार नावे लिहिली. खुद्द चाकण, राजगुरुनगर, आळंदी आणि तळेगाव दाभाडे.

राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. हुतात्मा राजगुरूंचे जन्मगाव. भीमा नदीकाठी वसलेले. खेड तालुक्याचे ठाणे तिथेच आहे. चाकणपासून नाशिकच्या बाजूला १२ किलोमीटरांच्या आसपास. आळंदी चाकणपासून दहा-पंधरा किलोमीटर. म्हातारीचा कल अर्थातच आळंदीकडे होता. माउलींच्या समाधीपाशी राहायला मिळाले तर तिला दुसरे काही नको होते. तळेगाव जरा लांब, वीस किलोमीटरांच्या घरात. पण तिथे रेल्वे आहे. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते.

अंतरे लिहिली. पण नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. चाकणच्या चौकात आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर मालमोटारींची किती गर्दी होते, हे तिथे रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. बारा किलोमीटरांना कधी अर्धा तास लागतो, तर कधी तास उलटून जातो. म्हणून पाळी सुरू होण्याच्या वेळेला, कामाच्या वारी, स्वतः त्या रस्त्याने जाऊन पाहावे. रविवारी दुपारी जाऊन पाहिले तर रस्ता मोकळा दिसतो आणि माणूस फसतो.

पुढच्या आठवड्यात नवराबायको दोघे मिळून ही गावे पाहायला गेले. त्या बाईने जाताना एक प्रश्न मनाशी धरला होता. तो आम्हांला फार आवडला. ती म्हणाली, "सकाळी अकरा वाजता, हे कामावर असताना, बारक्याला कडेवर घेऊन मी एकटी कुठं कुठं जाऊ शकते, तेवढं मी बघणार." एवढ्या एका प्रश्नात दवाखाना आला, दळण आले, भाजी आली, अंगणवाडी आली, बसथांबा आला.

कारखान्याजवळच्या त्या खोलीपासून तिने चालून पाहिले. किराणा दुकान जवळ होते. पण मुलीच्या शाळेला जायचे तर मोठा रस्ता ओलांडावा लागत होता. त्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या एकामागून एक. ती रस्त्याकडेला उभी राहिली आणि पलीकडे जायला किती वेळ लागतो ते पाहिले. मग म्हणाली, "पोरगी रोज दोनदा हा रस्ता ओलांडणार आणि मी घरात जीव मुठीत धरून बसणार. आणि एक दिवस आम्ही म्हणू, राहू दे शाळा."

तिचे हे बोलणे अगदी खरे आहे. आम्ही मुख्याध्यापक होतो. मुलींची शाळा सुटते ती बहुधा अशीच सुटते. शाळा सोडायची असे कुणी ठरवीत नाही. रस्ता वाईट, वाट एकाकी, गाडी वेळेवर नाही, म्हणून आधी दोन दिवस घरी, मग आठ दिवस घरी, आणि मग नाव पटावरून जाते. म्हणून शाळा आहे की नाही एवढेच विचारू नये. वाट कशी आहे ते पाहावे. आणि दहावीपर्यंतची शाळा आहे का, पुढे बारावीचे काय, हेही आत्ताच विचारावे. सातवीतली मुलगी तीन वर्षांनी दहावीला बसणार असते. राजगुरुनगरला शाळा आहेत, शिवाय हुतात्मा राजगुरूंच्या नावाचे महाविद्यालय आहे. हे त्या बाईने ध्यानात ठेवले.

शाळेचा विषय निघाला आहे तर थोडे जास्त सांगतो. आमचा जन्म त्यातच गेला.

बिऱ्हाड हलवायचे असेल तर मे महिन्यात हलवावे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. मूल पहिल्या दिवसापासून नव्या वर्गात बसले म्हणजे लवकर रुळते. नववी-दहावीच्या मुलाला तर अधेमधे हलवूच नये. दहावीचे वर्ष असेल तर आजीपाशी किंवा मामाकडे ठेवावे, पण परीक्षा होऊ द्यावी.

काही कारणाने वर्षाच्या मध्यात जावे लागले, तरी घाबरू नका. २००९ साली मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा परत पाठवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही, म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. हे शाळेत नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

तरी दाखला घ्यायचाच. आणि घेतल्यावर तो शाळेच्या ओट्यावर बसून वाचायचा. आता तुम्हांला वाचता येते. मुलाचे नाव बरोबर आहे का? आडनाव? आईचे नाव? जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत एकच आहे का? जात नीट लिहिली आहे का? चूक असेल तर मूल पटावर असतानाच अर्ज द्यावा. एकदा नाव पटावरून गेले की दुरुस्तीसाठी वरच्या कचेरीची परवानगी काढावी लागते. एका काना-मात्रेसाठी बापाचे चार दिवसांचे कामाचे खाडे झालेले आम्ही पाहिले आहेत. जातीचा दाखला मूळ गावच्या पुराव्यावरून तिकडच्याच तालुक्यातून निघतो. त्यासाठी लागणारी जुनी कागदपत्रे गाव सोडण्याआधी एका पिशवीत घालून बरोबर घ्यावी.

पाण्याचे मात्र कुणी खरे सांगत नाही. घरमालक म्हणतो, "पाणी भरपूर." भरपूर म्हणजे किती? नळ रोज येतो की दिवसाआड? किती वाजता येतो? पहाटे तीनला येत असेल तर पहाटे तीनला कोण उठणार? उन्हाळ्यात टँकर येतो का, आणि त्याचे पैसे कोण देतो? हे प्रश्न मालकाला विचारू नयेत. त्याच रांगेतल्या दोन खोल्या सोडून राहणाऱ्या बाईला विचारावेत. आणि शक्य झाले तर खोली मे महिन्यात पाहावी. मेमध्ये ज्या नळाला पाणी, त्याला वर्षभर पाणी. पावसाळ्यात खोलीत पाणी शिरते का, हे भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून कळते.

दवाखान्याचे थोडक्यात सांगतो. सरकारी दवाखाना किती लांब, एवढे पाहून थांबू नये. रात्री डॉक्टर असतो का, बाळंतपण होते का, हे विचारावे. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, राजगुरुनगरजवळ चांडोलीलाही आहे. गाडी हवी असेल तर १०८ हा आकडा फिरवावा, रुग्णवाहिका फुकट येते. लहान मुलाच्या लसींचे कार्ड जपून न्यावे. ते कार्ड दाखवले की पुढची लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते. पगारपत्रकात कामगार विम्याची कपात होत असेल तर बायकामुलांना आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्या विम्यातून उपचार मिळतात. कपात पगाराच्या शंभर रुपयांमागे ७५ पैसे असते. चाकणच्या बाजूच्या कामगारांना चिंचवडला कामगार विम्याचे रुग्णालय आहे. घरच्यांची नावे कार्डावर चढवली आहेत की नाहीत, हे पहिल्या महिन्यातच पाहावे. पुष्कळ लोक आजारी पडल्यावर नावे चढवायला धावतात.

आता पैशाचा हिशेब. समजा, चाकणला खोलीचे भाडे ६,००० रुपये आहे आणि बारा किलोमीटरांवर तशीच खोली ४,५०० रुपयांना मिळते. महिन्याला १,५०० वाचले असे वाटते. पण जाण्यायेण्याला रोज ६० रुपये लागले, तर २६ दिवसांचे १,५६० होतात. म्हणजे वाचले काहीच नाही, उलट ६० रुपये वर गेले. कंपनीची गाडी येत असेल तर हा हिशेब पालटतो. मात्र कंपनीची गाडी कायम कामगारांना असते, कंत्राटी कामगारांना असेलच असे नाही. आधी विचारून घ्यावे. विजेचेही विचारावे. खोलीला स्वतंत्र मीटर आहे की मालक युनिटमागे आपला दर लावतो? काही मालक भाडे कमी सांगतात आणि विजेत भरून काढतात.

भाड्याचा करार लेखी असावा आणि नोंदलेला असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसे सांगितले आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. प्रत्यक्षात खोल्यांच्या रांगांमध्ये बऱ्याचदा वहीतल्या पानावर काम चालते. तेव्हा निदान अनामत किती दिली, ती कधी परत मिळणार, हे लिहून त्यावर मालकाची सही घ्या. सही करण्याआधी कागद सगळा वाचा. "अहो, नेहमीचंच आहे, करा सही," असे कुणी म्हटले की आणखी सावकाश वाचा.

रेशनची काळजी पूर्वी फार असे. गाव सोडले की धान्य गेले, असे होई. आता तसे नाही. अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावर देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. घरातली दोन माणसे गावी राहिली, तर त्यांच्या वाट्याचे धान्य गावीही उचलता येते. त्यासाठी कार्डावरच्या प्रत्येकाचे आधार जोडलेले आणि तपासलेले हवे. ते काम गावच्या दुकानात, ओळखीच्या माणसाकडून, निघण्यापूर्वी करून घ्यावे. लहान मुलाचे नाव अंगणवाडीत घालायला मात्र विसरू नये. खाऊ मिळतो तो मिळतोच, शिवाय आईला चार बायकांची ओळख होते. परमुलखात ही ओळख फार मोलाची. नवरा रातपाळीला गेला आणि मूल तापाने फणफणले, तर दार कुणाचे ठोठवायचे? ज्या गावात असे एक तरी दार आहे, त्या गावाला आम्ही दोन गुण जास्त देऊ.

सगळे बिऱ्हाड एकदम हलवावे का? आमचे मत, हलवू नये. विशेषतः नोकरी कंत्राटी असेल तर नाहीच. कंत्राटदार बदलतो, काम कमी होते, आणि सहा महिन्यांत माणूस घरी बसतो. तोवर गावची शाळा सुटलेली, शेळ्या विकलेल्या, अनामत अडकलेली. आमच्या विद्यार्थ्याने पहिले तीन महिने एकट्याने काढले. खाटेचे भाडे भरून चौघांत राहिला. त्या तीन महिन्यांत त्याला काम कळले, मुकादम कळला, आणि कोणत्या गावाहून कोण कसा येतो हेही कळले.

आणि नोकरी नवऱ्याचीच असते असे कुणी सांगितले? आमच्याच शाळेतली एक मुलगी आरोग्यसेविका झाली. तिला डोंगरातल्या उपकेंद्राचे गाव मिळाले. त्या नोकरीत नेमणुकीच्या गावी राहावे लागते. नवरा शिंपी. त्या गावात शिवायला कपडे येणार किती? लोक त्याला म्हणाले, "बायकोमागं जातोस होय?" त्याने कुणाचे ऐकले नाही. बायको आणि मुले उपकेंद्राच्या गावी, मशीन बाजाराच्या गावी. रोज सकाळची एस.टी. पकडतो, संध्याकाळी परत येतो. दोन्ही गावांमध्ये वेळेची गाडी आहे, हे त्याने मशीन हलवण्याआधी पाहिले होते. आम्हांला त्या शिंप्याचे कौतुक वाटते. माणसे बोलतात ते दोन महिने, पगार येतो तो दर महिन्याला.

आता चाकणच्या बिऱ्हाडाचे काय झाले ते सांगतो. आळंदीला बाईला आवडले, पण एकादशीला आणि वारीच्या दिवसांत गावात पाऊल ठेवायला जागा नसते. पाळीवर वेळेत कसे पोचायचे? तळेगावला लोकलची सोय चांगली, पण अकोल्याला जायचे तर उलटी वाट. राजगुरुनगर नाशिकच्याच रस्त्यावर. तिथून मंचर, नारायणगाव, आळेफाटा करीत संगमनेर, आणि पुढे आपले अकोले. घरी कुणाचे दुखले खुपले तर बाई एकटी मुलांना घेऊन जाऊ शकते. एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. फक्त गाडी गावातल्या स्थानकात येते की बाहेरच्या वळणरस्त्याने निघून जाते, हे विचारून ठेवावे लागते.

तर मे महिन्यात ती मंडळी राजगुरुनगरला गेली. शाळेची वाट वस्तीतून आहे, मुलगी मैत्रिणींबरोबर चालत जाते. म्हातारी पंचाहत्तरीच्या पुढची आहे, तिला एस.टी. फुकट. एकादशीला चाकणला गाडी बदलून आळंदीला जाते आणि दिवे लागायच्या आत परत येते. त्रास आहे तो दुसऱ्या पाळीचा. सुटायला मध्यरात्र होते आणि त्या वेळी गाडी नसते. त्या आठवड्यात तो चाकणला जुन्या सोबत्यांच्या खोलीवर झोपतो, आणि खोलीच्या भाड्यात आपला वाटा देतो. तो वाटा धरून बाईने महिन्याचा खर्च मांडला आहे. वहीत तिच्याच अक्षरात आहे. मतदारयादीत नाव इकडे आणायचे राहिले आहे, त्यासाठी आठ नंबरचा अर्ज लागतो. तो परवा तिने भरायला घेतला.